सौनामागचं कोवळं रान

२ सप्टेंबर १९९४

हेल्मी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे दुलुथच्या बंदरातला पूल आणि मागे तीन ओळी. सौनामागचं रान अजून आहे का, माझी मेपलं किती उंच झाली, कळव. खाली सही. सही केलीस ते बरं झालं, नाहीतर वनखात्याकडून विचारणा आली असं वाटलं असतं.

तर कळवतो. रान आहे. वादळात ती म्हातारी मेपलं पडली तेव्हा त्यांच्या सावलीत गुडघ्याएवढी रोपं बसून होती. तू मला कॉलर धरून खाली वाकवलं होतंस. "नीट बघ, टाउनो. ही माझ्या वर्गातल्या पोरांच्या वयाची आहेत, पण वाढायचं नाव नाही. सगळी पानं एका थरात पसरलीत, एकाचं पान दुसऱ्यावर येऊ देत नाहीत. उजेडाचा एक थेंब वाया घालवत नाहीत." मी म्हणालो होतो, मास्तरीणबाई, जेवायला चला.

आता त्यांना ओळखणार नाहीस. डोक्यावर आभाळ उघडं झाल्यावर त्यांनी ते पसरणं सोडलं आणि नुसती वर पळत सुटली. खोड मनगटाएवढं आणि उंची दुमजली घराएवढी. खालच्या फांद्या अंधारात वाळून गळाल्या, सगळा जीव शेंड्यावरच्या झुबक्यात. वारा सुटला की एकमेकांना टेकतात आणि सावरतात. फक्त सौनाच्या बाजूची कडेची झाडं आडदांड आहेत. त्यांना उजेड फुकटात मिळतो, म्हणून बुडापासून फांद्या, आणि सगळी आपल्या धुराड्याकडे झुकलेली.

मी तिकडे हात लावलेला नाही. बाबांनी सौनाच्या वाफेत, वरच्या फळीवर बसून सांगितलं होतं, तो कोपरा हेल्मीचा. सौनात दिलेला शब्द आपल्या घरात कुणी मोडलेला नाही. त्यांच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, अंगणातली झाडं तोडायला तू नको म्हणालीस आणि मी चारचौघांत म्हणालो की पाहुण्यांनी कॉफी प्यावी आणि वाटेला लागावं. तू कप तसाच ठेवून गेलीस, त्याला सहा वर्षं झाली. पण म्हणून काही मी तुझ्या कोपऱ्यावर डोळा ठेवलेला नाही.

इर्या गेली तेव्हा वहिनीसाठी म्हणून तू पाठवलेली फुलं पोचली होती. बाकी इकडे ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी आपलं लिहिलं.

टाउनो


१४ ऑक्टोबर

प्रिय हेल्मी,

तुझं जाडजूड पत्र आलं. टपालपेटीपाशीच उभ्याने वाचलं, मग घरात येऊन कोटसुद्धा न काढता पुन्हा वाचलं.

इर्याच्या वेळी तू स्वतःच इस्पितळात होतीस हे मला कुणी सांगितलं नाही. मी मनात काय काय धरून बसलो होतो ते इथे लिहीत नाही. आणि ते पोस्टकार्ड पाठवताना तुला भीती वाटत होती, मी उत्तर देईन की फाडून टाकीन कळत नव्हतं, म्हणून तू फक्त झाडांचं विचारलंस, हेही आता कळलं. उत्तर लिहायला तुला महिना लागला कारण चार वेळा लिहून फाडलंस, असं म्हणतेस. तू फाडायला नको होतंस. पहिलंच पाठवायचंस.

जेवतो का विचारलंस, तर जेवतो. बटाटे, मासे, आणि शेजारून लेम्पी दर आठवड्याला निसूचा एक गोड पाव आणून देते. तिचा वेलदोडा घालायचा हात सैल आहे, पाव कमी आणि खोकल्याचं औषध जास्त, पण मी ओन्नीसमोर तसं म्हणत नाही. बायकोविषयी बोललेलं त्याला चालतं, पावाविषयी चालत नाही.

एप्रिलमध्ये मेपलचा गोड रस गोळा करायला येतेस हे वाचून मी चुलीत दोनदा लाकडं घातली, एवढं भान राहिलं नाही. आणि जमलं तर कायमची येशील, कोपऱ्यात छोटं घर बांधशील, खिडकी रानाकडे. येच. जमेल. मी जमवून घेईन.

आता एक गंमत सांगतो. तुझ्यासाठी रान मोकळं केलं! चांगली चांगली सरळ झाडं निवडली आणि त्यांच्या भोवतीची सगळी काढून टाकली. शेंड्यांना हातपाय पसरायला जागा झाली. तूच सांगायचीस ना, ज्याचा शेंडा रुंद त्याचा रस गोड? आता ती उंचीच्या नादातून सुटतील आणि जाड होतील. ओन्नी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "पानं गळायच्या आधी करवत लावलीस? आणि एकदम एवढी?" मी म्हणालो, "बहीण यायची आहे, तिला वाट कशाला पाहायला लावू?" तो डोकं खाजवत गेला. त्याला काय कळतंय.

आज ढग फार खाली उतरलेत. लाकडं आत घ्यायची आहेत, म्हणून थांबतो.

तुझा भाऊ,
टाउनो


२० नोव्हेंबर

प्रिय हेल्मी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. हरणांच्या शिकारीचा मोसम चालू आहे, ओन्नी मला त्याच्या झोपडीवर ओढून घेऊन गेला होता. आम्ही दोघांनी मिळून एकही हरीण पाहिलं नाही. त्याने एका बुंध्यावर नेम धरला आणि तोही चुकवला. "मी मुद्दाम चुकवलं," म्हणाला, "झाडाला पोरंबाळं असतील." हे तुला आवडेल म्हणून लिहिलं.

यंदा बर्फ लवकर पडलं. जरा ओलं होतं. आमच्याकडे दिवे दोन दिवस गेले होते, एवढंच. सौनाचं छप्पर ठीक आहे.

रानाचं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. हिवाळ्यात रान म्हणजे काय असणार, काड्याच. मी स्वयंपाकघरातली खुर्ची फिरवून घेतली आहे, खिडकीकडे पाठ करून बसतो. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते.

तुझ्या घराचा नकाशा पाहिला. खिडकी मोठी काढली आहेस. एवढी मोठी कशाला? थंडी आत येते. थोडी लहान कर आणि रस्त्याच्या बाजूला घे, येणारंजाणारं माणूस दिसतं. विचार कर.

टाउनो


१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय हेल्मी,

तू मागितलास तो फोटो सोबत पाठवतो आहे. इर्याच्या कॅमेऱ्यात रोल तसाच पडून होता. बर्फात गुडघाभर रुतून काढला, त्यामुळे जरा हलला आहे. पाहा, कशी सरळ उभी आहेत. फोटोत गर्दी वाटते, पण ती उभं राहायच्या जागेमुळे. प्रत्यक्षात मोकळं आहे.

खिडकीचा हट्ट तू सोडत नाहीस. बरं.

चर्चमध्ये सगळे तुझी चौकशी करतात. लेम्पी म्हणते, हेल्मी आली की तळघरातल्या कॉफीला पुन्हा चव येईल. म्हणजे आत्तापर्यंत ती आम्हाला काय पाजत होती, हे विचारायचं राहिलं.

तुला त्रास होत असेल तर एप्रिलची घाई करू नकोस. रस्ते वाईट असतात. जूनमध्ये सगळं हिरवं असतं, तेव्हा ये.

टाउनो


२७ मार्च

हेल्मी,

तू बसचं तिकीट काढलंस, तेव्हा आता लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

रान उभं नाही. ऑक्टोबरात तुला मी मोठ्या ऐटीत पत्र लिहिलं आणि त्याच रात्री ओलं बर्फ सुरू झालं. पानं अजून झाडांवर होती. एकेका पानावर बर्फ बसलं. शेजारची झाडं मी काढून टाकलेली, टेकायला काही नव्हतं. सकाळी पाहिलं तर मी निवडलेली सगळी झाडं कमानीसारखी वाकून शेंडे जमिनीत रुतवून पडली होती. काही मधून मोडली होती. मी फावडं घेऊन गेलो, शेंडे मोकळे केले, झटकले. थोडीशी उचलली गेली, बाकीची तशीच राहिली. काठ्यांचे टेकू दिले, दोऱ्या बांधल्या. ओन्नी आला, पाहिलं आणि माझ्याबरोबर दोरी धरून उभा राहिला. पुढच्या बर्फात दोऱ्यांसकट सगळं खाली गेलं.

तो फोटो तुझ्या रानाचा नाही. ओन्नीच्या कुंपणापलीकडचा आहे. हे लिहिताना कान तापले आहेत. साठ वर्षांच्या माणसाने शाळेतल्या पोरासारखं दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून दाखवावं! खुर्ची फिरवली तीही उन्हासाठी नव्हे. आपल्याकडे नोव्हेंबरात ऊन कुठलं?

मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल. चूक झाली. यायचं नसेल तर मी समजेन. यायचं असेल तर बस थांब्यावर मी असेन.

टाउनो


९ मे

प्रिय हेल्मी,

तू जाऊन तीन आठवडे झाले. हे पत्र तू इथे असतानाच तुझ्या हातात द्यायला हवं होतं. तोंडाने तर सांगायलाच हवं होतं. मी रोज सकाळी ठरवायचो आणि तू कॉफीचा कप पुढे करून म्हणायचीस, "काय रे, असा काय चेहरा केलास? झाडंच पडली ना, छप्पर तर नाही पडलं." मग माझ्याने बोलवायचं नाही.

तू बसमधून उतरलीस आणि मला ओरडायचं सोडून मिठी मारलीस. आपल्या घरात मिठीची पद्धत नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते मला कळलं नाही. रानात नेलं तर तू काय म्हणालीस? "फोटो ओन्नीच्या रानाचा आहे हे मला पाकीट उघडल्याउघडल्या कळलं होतं. कडेची झाडं उलट्या बाजूला झुकलेली. वर्गात अशी चोरी मी रोज पकडायची, वेड्या. पण किती लाज वाटली असेल तुला, म्हणून मी काही लिहिलं नाही." मी मान खाली घातली. तू पाठीवर हात फिरवलास. "चूक होते, टाउनो. माझ्यासाठी करायला गेलास. तुला काय माहीत असणार, उंच झाडं एकमेकांच्या आधाराने उभी असतात ते."

मला माहीत होतं, हेल्मी.

चौदाव्या वर्षी बाबांनी मला बर्चच्या झाडीत नेऊन हेच शिकवलं होतं. दाटीत वाढलेलं झाड एकदम उघडं करायचं नाही. एका बाजूचं एखादं काढायचं, काही वर्षं थांबायचं, वाऱ्यात हलू देऊन खोड जाड होऊ द्यायचं, मग दुसऱ्या बाजूचं. आणि पानं गळाल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही. तू शाळेत शिकवायचीस, मी तर ते काम आयुष्यभर लोकांच्या जंगलांत केलं. या तालुक्यात ही चूक अजाणतेपणी कुणी करणार नाही, आणि मी तर नाहीच नाही. ओन्नीला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुला मी लिहिलं की मी त्याला म्हणालो, बहीण यायची आहे. खोटं. त्याने विचारलं, "अरे, आता बर्फ आलं तर?" आणि मी यंत्राची करवत बंदसुद्धा न करता ओरडलो, "आलं तर येऊ दे. पडली तर पडू देत." तो हिवाळाभर त्यावर एक अक्षर बोलला नाही. माझ्याबरोबर दोऱ्या ओढत राहिला.

तुझ्यासाठी मी काही केलं नव्हतं. तुझं जाडजूड पत्र आलं त्याच्या आधीच झाडं तोडून झाली होती. सप्टेंबर सगळा मी पेटीकडे खेपा घालत होतो. तुला उत्तर पाठवलं होतं आणि तुझ्याकडून काहीच येत नव्हतं. मला वाटलं, हिला झाडं जिवंत असल्याचं कळलं, हिचं काम झालं. इर्या जाऊन दोन वर्षं झाली होती, संध्याकाळी घरात मी आणि रेडिओ. आणि सख्खी बहीण सहा वर्षांनी विचारते ते मेपलच्या उंचीचं. मला त्या काठ्यांचा हेवा वाटला. माणसाला झाडाचा हेवा वाटावा ही लिहायची गोष्ट नाही, पण तेच झालं. तुला दुखेल अशी माझ्या हाताशी एकच वस्तू होती. रेडिओवर बर्फाचा इशारा ऐकला आणि करवतीत तेल घातलं. नुसती तोडून टाकली असती तर तुला राग आला असता. मला ते बर्फाकडून करवून घ्यायचं होतं, म्हणजे माझ्यावर बोट येणार नाही.

मग तुझं पत्र आलं. मी पेटीपाशी उभा राहून वाचलं आणि मागे वळून पाहिलं तर ती झाडं उघडी पडलेली, डोलत होती. ढग आलेच होते. तेव्हा धावत जाऊन मी त्यांना एकमेकांना बांधून ठेवायला हवं होतं. मी काय केलं? आत जाऊन तुला पत्र लिहिलं की ही तुझ्यासाठी भेट.

पुढचं तुला माहीत आहे. तू बाह्या सरसावल्यास आणि आपण वाकलेली झाडं बुडातून कापली. "मुळं जुनी आहेत, फुटवे येतील," म्हणालीस. "त्यातला एकेक ठेवू, बाकीचे काढू. मला कुठे जायचंय?" आणि रविवारी चर्चच्या तळघरात, जिथे मी तुला पाहुणी म्हणालो होतो तिथेच, तू लेम्पीला सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलंस, "आमच्या टाउनोला झाडातलं कळत नाही, पण मन सोन्याचं आहे. बहिणीसाठी रान उघडं करायला गेला बिचारा." सगळे माझ्याकडे बघून हसले. ओन्नी हसला नाही. त्याने कपात पाहिलं. मी हातातला पावाचा तुकडा बशीत परत ठेवला.

जाताना तू सांगितलंस, दुलुथचं घर विकायला काढते, जूनमध्ये सामान घेऊन येते. मला हवं होतं ते सगळं मिळालं. नीचपणा करून मिळालं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, ओन्नीने मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं. मी तीन आठवडे गप्प बसून पाहिलं. तुझी खोली रंगवायला घेतली. अर्धी भिंत झाली आणि ब्रश धुऊन ठेवला. रोज संध्याकाळी दुसऱ्या खुर्चीवर बसून तू मला बिचारा म्हणणार आणि मी ते ऐकून घेणार, असं घर मला नको झालं.

परवाच्या रविवारी मी तळघरात उभा राहिलो. मला बोलायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणालो, "हेल्मीने तुम्हाला सांगितलं ते खरं नाही. मला सगळं कळत होतं. मी ते रागाने केलं." कुणीतरी खुर्ची सरकवली. पाळकांनी घसा साफ केला आणि हवेविषयी बोलायला लागले. लेम्पी कॉफीची किटली घेऊन टेबलाभोवती फिरत होती. माझ्यापाशी आली, माझ्या रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि पुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या तळघरात कुणी मला दुसरा कप ओतला नाही. बाहेर ओन्नीने गाडीचं दार उघडून धरलं. म्हणाला, "आता तिला सांग. लेम्पी आज रात्रीच फोन करेल, तिला मी थांबवू शकत नाही." मी म्हणालो, तिला दोन दिवस थोपव. तो म्हणाला, "एकदा आयुष्यात मीही नवऱ्यासारखा वागून बघतो." तो काय करू शकला मला माहीत नाही. कदाचित तुला हे आधीच कळलं असेल. तसं असेल तर तेही माझ्याच उशिरामुळे.

कोपऱ्याचा कागद तुझ्या नावाने करायला वकिलाकडे दिला आहे. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. सौनात दिलेला शब्द मी मोडला, आता कागदच बरा. कापलेल्या बुडांना लाल फुटवे आले आहेत, एकेका बुडाला मूठ मूठ. त्यातला कुठला ठेवायचा ते मी ठरवणार नाही. तुझ्या कोपऱ्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

घर विकू नकोस असं सांगत नाही आणि विक असंही नाही. सामानाची गाडी रद्द करायची असेल तर तूच कर, मला ते करवणार नाही. कारण मला तू यायला हवी आहेस. हे लिहायलासुद्धा तोंड नाही मला, तरी लिहितो. ये म्हणण्याचा हक्क गेला, पण हवी आहेस हे खरं आहे, आणि आता खरं तेवढंच लिहायचं ठरवलं आहे.

रस्त्याला मार्लीनची पोस्टाची गाडी दिसते आहे. पळत जाऊन तिच्या हातातच देतो. पेटीत ठेवलं तर मी ते पुन्हा काढून आणीन आणि याआधी लिहिलेल्या तीन पत्रांसारखं हेही चुलीत जाईल.

टाउनो